सारजाक्काचा हात आणि विजेची पेटी

धुळ्यात मला लोक ‘वीजवाले भाऊ’ म्हणत. त्यामुळे दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी दारात उभं राहून विचारायचं, “भाऊ, आमच्या आळीत दिवे कधी येणार?” मी सांगायचो की दिव्यांची वीज देणारे वेगळे, मी दुखण्याला वीज देणारा. ते ऐकून माणूस नकळत एक पायरी खाली उतरायचा.

मी डॉक्टर नाही. कंपाउंडरही नाही. डॉक्टर सोनाळकरांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत दोन पेट्या होत्या, त्या चालवणं हे माझं काम. या अंकाच्या संपादकांनी त्या कामाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा मनात पहिला विचार आला तो सारजाक्काचा. म्हणून लिहिणार आहे ते मुख्यतः तिच्याविषयी आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी. पण त्याआधी पेट्यांची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर चूक काय झाली ते कळणार नाही.

लहान पेटीत बॅटरी आणि तारेचं वेटोळं होतं. तिचा झटका बसला की मांस आपोआप उडायचं. लकव्यानं लुळा पडलेला हात किंवा वाकडा झालेला चेहरा यांतलं मांस निजून राहू नये म्हणून ती. मोठी पेटी शिसवी लाकडाची, कमरेइतकी उंच, जर्मन बनावटीची. घरातल्या विजेची दिशा सेकंदाला शंभरेक वेळा बदलते, आणि एवढ्या संथ बदलाचा माणसाला झटका बसतो. ही पेटी तीच दिशा सेकंदाला लाखो वेळा बदलायची. इतक्या वेगापुढे अंगाला झटका कळतच नाही, नुसती ऊब वाटते. आणि ही ऊब शेकासारखी वरवरची नव्हे, आत हाडापर्यंत. आखडलेला सांधा त्या उबेत सैल पडतो, आणि तो सैल आहे तोवर हलवून घ्यायचा, ही सगळी विद्या. शिशाच्या मऊ पत्र्याचे दोन तुकडे अंगाच्या आकारात वाकवायचे, साबणाच्या फेसानं ओले करायचे, कातडीला सर्व बाजूंनी चिकटून बसतील असे पट्ट्यांनी बांधायचे आणि बटण हळूहळू फिरवायचं. पेटीत ठिणग्या तडतडू लागत आणि खोलीभर वीज पडून गेल्यासारखा वास पसरे.

पेटीवर एक काटा होता. पण तो वीज किती जाते एवढंच सांगायचा. कातडीला ती किती लागते, हे सांगणारं यंत्र त्या पेटीत नव्हतं. ते एकच ठिकाणी होतं, रोग्याच्या तोंडात.

माझे वडील पहूरला शिंपीकाम करत. आमच्या घरात मॅट्रिक झालेला पहिला मी आणि बी.एस्सी. झालेलाही पहिला मीच. पुण्याला जाताना गावच्या गुरुजींनी स्वतःची ट्रंक दिली, वडिलांनी कोट शिवला, आणि सगळ्या आळीनं ठरवून टाकलं की मी मामलेदार होऊन परत येणार. मी परत आलो तो डॉक्टर सोनाळकरांची जाहिरात वाचून. त्यांना पदार्थविज्ञान शिकलेला माणूस हवा होता, कारण पेटीबरोबर आलेलं पुस्तक वाचून कंपाउंडरनं दोनदा फ्यूज उडवला होता. आळीची निराशा झाली. वडील एकदा मुद्दाम धुळ्याला आले आणि खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून त्यांनी तासभर माझं काम पाहिलं. जाताना म्हणाले, “शिंप्याचंच काम हाये हे. माप घ्याचं, नीट बसवाचं, अन् कुठी टोचतं का ते इचाराचं.” मामलेदारीचं प्रकरण त्यांच्यापुरतं तिथेच मिटलं. डॉक्टरांचे माझ्यावर खूप उपकार आहेत, पण माझी नोकरी सगळ्यांत आधी समजली ती वडिलांना, असं मला वाटतं.

विचारणं हेच अवघड होतं. आमच्या खानदेशात, निदान त्या काळी, दुखणं सांगणं हा कमीपणा. त्यातून डागणीची चाल. गुडघा धरला, पाठ धरली, पोट दुखलं, की जाणता माणूस विळा तापवून डाग द्यायचा. कातडी जळली, फोड आला, म्हणजे दुखणं बाहेर पडलं. माझ्याकडे येणाऱ्या दर तिसऱ्या माणसाच्या अंगावर ते जुने वण असत. अशा माणसाला मऊ ऊब दिली की तो खट्टू व्हायचा. आपल्याला कमी दर्जाचं औषध देताहेत, अशी शंका त्याच्या तोंडावर दिसायची.

मोगलाईच्या रस्त्यावर तालीम असलेला एक पैलवान कंबर घेऊन आला होता. नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं गावात आहेत. मी बटण फिरवत विचारतोय, “लागलं का?” तो म्हणतोय, “अजून चालूच नाही ना केलंत?” त्याच्या कपाळावर घाम, मानेच्या शिरा तटतटलेल्या, आणि तोंडानं हेच. शेवटी मी पेटी बंद केली तेव्हा म्हणाला, “बरं झालं. कंटाळा आला होता.” दुसरे एक गृहस्थ दंडाला तांब्याचा ताईत बांधून, वर बंडी घालून बसले. अंगावर धातू नको, हे मी दोनदा सांगितलं होतं. ताईत तापला तेव्हा त्यांनी तो माझ्यापासून लपवत दुसऱ्या हातानं वर सरकवला. चटका सोसला, पण ताईत काढला नाही. त्यानंतर मी प्रत्येकाचा दंड स्वतः चाचपू लागलो.

सारजाक्का आली ती बेचाळीस सालच्या दिवाळीनंतर. सोनगीरच्या पुढच्या एका खेड्यातली ती सुईण. पन्नाशीची, काटक, नऊवारीचा पदर खोचलेला. उजवा हात छातीशी धरून ती दारात उभी राहिली आणि आधी माझ्याकडे नाही, पेटीकडे पाहून बोलली.

“हाऊ डबा काय करस, भाऊ? डाग देस का?”

“डाग नाही, अक्का. शेक देतो. आतून.”

“आतून शेक आमीबी देतस,” ती म्हणाली. “सुंठना काढा.” आणि स्टुलावर बसली.

पावसाळ्यात ओढ्याच्या दरडीवरून पाय घसरून तिचं मनगट मोडलं होतं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या इतक्या आवळून बांधल्या आणि इतके दिवस ठेवल्या, की हाड जुळलं पण बोटं लाकूड झाली. अंगठा तळव्याकडे जाईना, मूठ वळेना. भाकरी ती डाव्या हातानं थापू लागली होती. पण भाकरीचं तिला फारसं काही नव्हतं.

“माघमा मनी धाकटी लेकनं बायतपन शे,” ती म्हणाली. “पहिलंच. तवपर्यंत हात चालना पाहिजे.”

त्या पंचक्रोशीत वीस-पंचवीस वर्षांत जन्मलेली बहुतेक पोरं तिच्या हातावर जन्मलेली. दुसरी एक तरुण सुईण गावात होती, सारजाक्कानंच शिकवलेली. पण स्वतःच्या लेकीला दुसरीच्या हातात देणं तिला मान्य नव्हतं. डॉक्टरांनी हात तपासला, क्ष-किरणाची काच पाहिली आणि मला म्हणाले, “बाविस्कर, तीन महिने आहेत. रोज शेक, रोज हलवणं. मध्ये खंड पडला तर बोटं पुन्हा धरतील.” अक्कानं धुळ्यातच चुलतभावाकडे मुक्काम टाकला. रोज दहाच्या ठोक्याला ती हजर असायची.

पहिल्या दिवशी मी नेहमीची परीक्षा घेतली. दोन काचेच्या नळ्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. डोळे मिटायला लावून हातावर टेकवायच्या आणि कोणती कोणती ते विचारायचं. ज्याचं कातडं बधिर आहे त्याला पेटी लावायची नाही, हा पक्का नियम. अक्कानं एकही उत्तर चुकवलं नाही. तिचं कातडं जागं होतं. मी निश्चिंत झालो, आणि तिथेच माझा पहिला घोटाळा झाला. कातडं जागं असणं आणि तोंडानं सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पैलवानाच्या अनुभवानंतरही मी विसरलो.

तरी दोन-तीन आठवड्यांत चांगला गुण आला. तर्जनी आणि मधलं बोट वाकू लागलं. शेक झाला की मी तिला बाजरीच्या पिठाचा गोळा मळायला द्यायचो, सरकीसकट कापूस देऊन बोटांनी सरकी वेचायला लावायचो. ती ते काम करता करता बाकीच्या रोग्यांची चौकशी करायची आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त सल्ले द्यायची. एका गुमास्त्याला तिनं सांगितलं की तुझी पाठ दुखत नाही, तुला घरी जायचा कंटाळा आहे. तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

आता पेटीचा एक दुर्गुण सांगायचा राहिला. तिच्या ठिणग्यांनी आसपासचे रेडिओ बिघडत. आमच्यापासून तिसऱ्या घरी आबासाहेब वकील राहत. त्यांच्याकडे रेडिओ होता आणि लढाईच्या बातम्या ऐकायला निम्मी गल्ली त्यांच्या ओसरीवर जमे. मी बटण फिरवलं की बातम्या बंद आणि नुसता खरखराट. आबासाहेब माणूस भला. त्यांच्याशी माझा करार झाला होता की बातम्यांच्या वेळी पेटी बंद. पण त्यांनी सहज कोर्टात कुणापाशी कुरकुर केली असावी, आणि ती फिरत फिरत पोलिसांच्या कानावर गेली. दिवस बेचाळीसचे. गुप्त रेडिओ चालवणारे लोक पोलीस सगळीकडे शोधत होते. एका सकाळी फौजदार आणि एक शिपाई खोलीत येऊन उभे राहिले.

अक्काच्या हाताला तेव्हा पत्रे बांधलेले होते, पेटी चालू होती. डॉक्टर बाहेरगावी व्हिजिटला गेलेले. मी एकटा.

फौजदार देशावरचे, तरुण, पायांत चकचकीत बूट. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली. “हे यंत्र काय संदेश पाठवतं?”

“संदेश नाही साहेब. शेक देतं.”

“शेक द्यायला तारा, काटा, ठिणग्या?”

मी समजावू लागलो. पुण्याला शिकलेलं सगळं विज्ञान त्या घटकेला माझ्या जिभेवरून पळालं. एवढ्यात अक्का शिपायाकडे निरखून पाहू लागली.

“काय रे, तू रामा ना? धनाजी पाटीलना?”

शिपाई चपापला. “हो, अक्का.”

“पोलीस व्हई गया तू? तुना जलम मनाच हातमा व्हयना. उलटा उना व्हता. तवपासून बठ्ठा गावले तरास शे.”

शिपायाचे कान लाल झाले. फौजदारांनाही हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. ते मला म्हणाले, “खातरजमा करू. हा वकिलांच्या घरी जाऊन रेडिओजवळ उभा राहील. तुम्ही यंत्र चालू-बंद करा. खरखर या यंत्राचीच आहे हे सिद्ध झालं की माझं काम संपलं.”

मी काय करायला हवं होतं ते सांगतो. मी म्हणायला हवं होतं, “साहेब, आधी या बाईंच्या हाताचे पत्रे सोडतो, मग पाहिजे तितका वेळ चालवा.” दोन मिनिटांचं काम होतं. फौजदार नाही म्हणाले नसते. पण मी शिंप्याचा मुलगा, आमच्या आळीत पोलीस आला की दारं लागत. गणवेश पाहून माझी बी.एस्सी. कुठच्या कुठे गेली. मी मान डोलावली.

रामा वकिलांकडे गेला. फौजदार खिडकीत उभे राहून ओरडायचे, मी बटण फिरवायचो, तिकडून रामा ओरडून उत्तर द्यायचा. चालू. बंद. चालू. तिकडून आवाज आला, “थोडंच खरखरतंय साहेब, नीट कळत नाही.” फौजदार माझ्याकडे वळून म्हणाले, “जरा वाढवा.”

मी वाढवलं. बटण मी माझ्या हातानं फिरवलं, फौजदारांनी नाही. वाढवताना अक्काकडे वळून विचारलं, “अक्का, चटका लागतो का?”

“नही लागत भाऊ. तुम्ही तुमनं काम करा.”

तिचा चेहरा शांत होता. मघाशी रामाशी बोलताना तिनं हात वळवला होता आणि मनगटावरच्या पत्र्याची एक कड उचलली गेली होती, ते मी पाहिलं नाही. कड उचलली की सगळी वीज टेकलेल्या जागेतून जाते आणि तिथे जाळते. पुस्तकाच्या पहिल्या पानावर हेच लिहिलेलं होतं. तीन-चार मिनिटं ते चाललं. मग रामा परत आला, फौजदारांनी वहीत काहीतरी लिहिलं, “ठीक आहे” म्हणाले आणि गेले.

मी पत्रे सोडले. मनगटाच्या वरच्या अंगाला रुपयाएवढा पांढरा डाग होता. पांढरा डाग म्हणजे नुसती भाजलेली कातडी नव्हे, खोलवर गेलेलं. संध्याकाळपर्यंत भोवती फोड आला.

अक्का त्या डागाकडे कौतुकानं पाहत होती. “आते दुखनं बाहेर निंघनं,” ती म्हणाली. “इतला दिन तुम्ही उगाच नरम हात लावत व्हतात. आज खरा डाग बसना.”

मी जखमेवर औषध बांधलं आणि डॉक्टर येईपर्यंत खोलीत बसून राहिलो. जखम भरेपर्यंत पेटी लावता येणार नव्हती. शेकाशिवाय बोटं हलवायची तर कळ येणार, कळ येणार म्हणजे ती कमी हलणार. माघ दोन महिन्यांवर आला होता, आणि त्यातले कितीतरी दिवस मी खाल्ले होते.

डॉक्टर संध्याकाळी आले. मी सगळं सांगितलं, फौजदारांच्या भीतीसकट. ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती; रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “तुम्ही तिला काय विचारलंत?”

“चटका लागतो का, असं.”

“आणि या मुलखातलं कुणी आजवर त्याला हो म्हणालंय?”

मी आठवू लागलो. पोरं सोडली तर एकही नाव आठवेना.

दुसऱ्या दिवशी मी अक्काची क्षमा मागितली. तिला क्षमा कशाची तेच कळेना. मी तिला समजावलं की हा डाग औषध नव्हे, माझी चूक आहे. यानं हात लवकर नव्हे, उशिरा बरा होणार. तिनं मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, “मंग तुम्ही मले पुसं तवय मी खोटं बोलनू, असं?”

“खोटं नाही अक्का. पण लागत होतं ना?”

“लागत व्हतं.”

“मग सांगितलं का नाही?”

तिनं डाव्या हातानं पदर नीट केला. “भाऊ, मी बायासले सांगस, दात दाबी धर, बोलू नको. आख्खं आयुष्य तेच सांगत उनी. मंग मीच कशी बोलू?”

या प्रश्नाचं उत्तर तिच्याच कामाच्या भाषेत होतं. सुईणीला पाण्याची पारख करावीच लागते, म्हणून मी विचारलं की पाणी बरोबर तापलं हे तुम्हाला कसं कळतं. ती म्हणाली, त्यात काय कळायचं? कोपर बुडवायचं. पोराच्या आंघोळीचं पाणी वेगळं, बाळंतिणीचं वेगळं. पोराच्या पाण्यात कोपर राहतं. बाळंतिणीच्या पाण्यात कोपर ठेवून पाच म्हणेपर्यंत काढावं लागतं. त्याच्याही वरचं असतं ते कपडे उकळायचं, त्यात हात घालायचा नाही. हे सांगताना तिला कुठलाही कमीपणा वाटत नव्हता. ती कळ सांगत नव्हती, पाणी सांगत होती.

मी त्याच दिवशी ठरवलं की आता ‘लागतं का’ हा प्रश्न माझ्या खोलीत कुणाला विचारायचा नाही.

जखम भरायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस अक्का कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बोटं हलवायची, मी शेजारी बसून मोजायचो. ती दात दाबून हलवायला लागली की मी थांबवायचो. पेटी पुन्हा सुरू केली तेव्हा मी विचारलं, “अक्का, पाणी कोणतं?”

“पोरनं.”

बटण थोडं पुढे. “आता?”

“पोरनंच. जरासं वर.” आणि थोड्या वेळानं, आपण होऊन, “भाऊ, आते बायतीननं व्हयनं.” मी लगेच मागे घेतलं. तिच्या चेहऱ्यावर मात्र चोरी केल्यासारखा भाव होता.

हा प्रश्न मी पुढे सगळ्यांना विचारू लागलो, ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे बदलून. हलवायाला पाकाची तार विचारायची, शेतकऱ्याला ऊन किती वाजताचं ते. परगावच्या डॉक्टरांनी एकदा हे पाहून हसून मान हलवली होती. हसोत. त्यानंतर माझ्या खोलीत कुणी भाजलं नाही.

पण अक्काचा हात माघापर्यंत पुरा झाला नाही. मूठ वळायची, पण जोर नव्हता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याला टेकत नव्हतं. पौष संपता संपता ती गावी जायला निघाली. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं की या हातावर भरवसा ठेवू नकोस. तिनं ऐकून घेतलं. दारातून जाताना तिनं उजव्या हातानं पिशवी उचलून दाखवली, मुद्दाम, आणि दोन पावलं गेल्यावर ती डाव्या हातात घेतली. ते मी खिडकीतून पाहिलं.

पुढचा महिना मला वाईट गेला. माणसं यायची, जायची, मी पत्रे बांधायचो, पण डोक्यात एकच. ही बाई खोलीचं दार लावून घेईल, सगळ्यांना बाहेर काढील आणि त्या हातानं करायला जाईल, आणि काही झालं तर ती त्याबद्दलही बोलणार नाही. मी डॉक्टरांना दोनदा म्हटलं की एखादा निरोप पाठवावा का. ते म्हणाले, “काय पाठवणार? तिला सगळं माहीत आहे.”

फाल्गुन लागून आठवडा झाला असेल, एका दुपारी अक्का आली. डिंकाच्या लाडवांचा डबा बाकावर ठेवला आणि बसली.

“लेक कशी आहे?” मी विचारलं.

“बरी शे. पोऱ्या व्हयना.”

मी डब्याशेजारी बाकावर टेकलो. “तुमच्या हातावर?”

तिनं नाही अशी मान हलवली, आणि मग झालं ते सगळं सांगितलं. सकाळी कळा सुरू झाल्या. तिनं पोटावर हात फिरवून पाहिला तर पोर आडवं. असं आडवं पोर तिनं पूर्वी कितीतरी वेळा बाहेरून दाबून फिरवलेलं. डावा हात बरोबर बसला. उजव्या हातानं खालून रेटायला गेली तर ती दोन बोटं सुटली. पुन्हा धरलं, पुन्हा सुटली. खोलीत तिची जाऊ, ती तरुण सुईण आणि शेजारच्या दोघीतिघी होत्या. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

“मंग मी बोलनू,” अक्का म्हणाली. “बठ्ठासमोर बोलनू. मना हात पुरत नही, गाडी जुपा.”

गाडी जुंपली. तरुण सुईण बरोबर बसली, अक्काही बसली. धुळ्याच्या इस्पितळात दुपारी बाईडॉक्टरांनी पोर फिरवलं आणि दिवस मावळायच्या आत लेकीला मोकळं केलं. दोघंही सुखरूप. गावात बायका काय म्हणाल्या, असं मी विचारलं नाही, पण तीच म्हणाली, “म्हनतीस, सारजा घाबरनी. म्हनू देत.”

मी डबा उघडून एक लाडू तोंडात टाकला. लाडू फार चांगला होता, तेवढंच म्हटलं.

मग तिनं उजवा हात माझ्यासमोर धरला आणि डाव्या हाताच्या बोटानं एकेक जागा दाखवू लागली. “भाऊ, ह्या दोन बोटं अजून वाकतस नही. आंगठाना बुडले सकायले कळ येस, आंघोय व्हवापर्यंत ऱ्हास. आनि तुमना डागनी जागा थंडीमा चरचर करस. तुम्ही काय करशात आते?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला लोकांनी नमस्कार केले, केळीचे घड आणून दिले, एकानं पोराचं नाव काय ठेवू असं मला विचारलं. त्या दुपारी अक्कानं न विचारता मांडलेल्या त्या तीन तक्रारींइतका आनंद मला कशानंच झाला नाही. मी पत्रे फेसात बुडवले आणि तिचा हात मांडीवर घेतला.